तीस टक्के महिला, सहा महिन्यांची रजा आणि विभागप्रमुखाचा हिशेब

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. रबाळे एमआयडीसीतील ८५ माणसांच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत आपण मनुष्यबळ विभाग एकट्याने सांभाळता आणि सध्या कंपनीत १४ महिला आहेत. संचालकांना ‘तीन वर्षांत ३० टक्के महिला’ असे उद्दिष्ट जाहीर करायचे आहे. विभागप्रमुखांचे म्हणणे असे की, सहा महिन्यांची पगारी प्रसूती रजा डोक्यावर असताना लग्नाच्या वयाच्या मुली कामावर घेणे परवडत नाही. त्यातच दोन पुरुष अभियंत्यांनी पितृत्व रजेसाठी अर्ज केला आहे आणि त्यांना काय उत्तर द्यावे, हे कोणालाच ठरवता येत नाही. कोटा ठेवावा का, रजेचे धोरण कसे आखावे आणि या दोन्हींनी समानता येते की केवळ आकडे सुधारतात, असे आपण विचारले आहे.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात मनुष्यबळाचे काम करण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्यात वागळे इस्टेटमधले लहान कारखाने होते आणि महाप्याची मोठी आयटी कार्यालयेही होती. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, कोटा आणि रजा हे दोन वेगळे विषय समजून हाताळले तर त्यांचे पाय एकमेकांत अडकतात. रजा फक्त आईला, तिचा भार फक्त तिच्या विभागावर, अशी रचना तशीच ठेवून वरून कोटा लादला, तर विभागप्रमुख आकडा पूर्ण करून दाखवतो, पण तो अशा जागांवर की जिथे माणूस सहा महिने नसला तरी त्याचे काही अडत नाही: रिसेप्शन, फायलिंग, डिस्पॅचची कागदपत्रे. कंपनीच्या अहवालात ३० टक्के दिसतात आणि डिझाइन, प्रॉडक्शन, खरेदी येथील निर्णयाच्या खुर्च्या होत्या तशाच राहतात. म्हणून कोट्याकडे वळण्याआधी रजेचा खर्च कंपनीत कोणाच्या खात्यावर पडतो, हे पाहावे लागते.

विभागप्रमुखाला स्त्रीविरोधी ठरवून मोकळे होऊ नका. तो बहुधा हिशेबी असतो आणि त्याच्या जागेवरून त्याचा हिशेब बरोबरही असतो. उदाहरणादाखल आकडे घेऊ. आपल्या ८५ माणसांचा सरासरी पगार महिना ३०,००० रुपये धरला, तर वर्षाचा पगारखर्च ३ कोटी ६ लाख होतो. डिझाइन विभागात प्रत्येकी ४०,००० रुपयांचे सहा जण आहेत असे धरू. त्या विभागाचा वर्षाचा खर्च २८ लाख ८० हजार. त्या सहांपैकी एक जण २६ आठवड्यांच्या रजेवर गेली, तर साधारण २ लाख ४० हजार रुपये तिच्या अनुपस्थितीत द्यावे लागतात. विभागप्रमुखाच्या दृष्टीने हा त्याच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाचा बारावा हिस्सा झाला आणि वर सहापैकी एक माणूस कमी. कंपनीच्या दृष्टीने तीच रक्कम एकूण पगारखर्चाच्या पाऊण टक्क्याच्या आसपास आहे. मुलाखतीच्या खोलीत मात्र कंपनी बसत नाही, विभागप्रमुख बसतो. त्यामुळे ‘लग्न झालंय का’, ‘मिस्टर कुठे असतात’, ‘घरी सासूबाई सोबत आहेत का’ हे प्रश्न तिथे येतात आणि अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काहीतरी खूण होते.

म्हणून माझा पहिला सल्ला रजेच्या दिवसांबद्दल नसून लेखा विभागाबद्दल आहे. प्रसूती आणि पितृत्व रजेचा पगार विभागाच्या खर्चात न धरता कंपनीच्या एका सामाईक शीर्षाखाली घ्यावा आणि रजेचा अर्ज मंजूर होताच त्या विभागाला बदली माणसाची मंजुरी आपोआप मिळावी, त्यासाठी वेगळी फाइल फिरवावी लागू नये. मग विभागाचा पगारखर्च वाढत नाही, विभागप्रमुखाचा माणूस कमी होत नाही आणि मुलाखतीत तो प्रश्न विचारण्यामागचे त्याचे कारणच उरत नाही. ज्या कंपन्यांनी हे केले, तिथे धोरणाच्या पुस्तिकेतला एक शब्दही न बदलता विभागप्रमुखांची भाषा सौम्य झालेली मी पाहिली आहे. बदली माणूस मात्र रजा सुरू होण्याच्या किमान महिनाभर आधी आणावा. ज्या दिवशी ती निघाली त्या दिवशी तो आला, तर कामाची सूत्रे कोणाच्याच हाती राहत नाहीत.

येथे एक गोष्ट आधी तपासा, कारण तिने आपला अर्धा वाद मिटू शकतो. ज्यांचा मासिक पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे, त्या महिला कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये येतात आणि हजेरीच्या अटी पूर्ण केल्या असतील तर त्यांच्या प्रसूती रजेचे पैसे कंपनी देत नाही, महामंडळ देते. आपण त्यासाठी दरमहा पगाराच्या ३.२५ टक्के भरतच असता, कामगाराचे ०.७५ टक्के वेगळे. आपल्या १४ महिलांपैकी किती जणी या मर्यादेत आहेत, याची यादी करून विभागप्रमुखांसमोर ठेवा. पॅकिंग, असेंब्ली आणि स्टोअर्स यांबद्दल ‘परवडत नाही’ हे म्हणणे बहुतेक करून तिथेच गळून पडते. भार खरोखर पडतो तो २१,००० च्या वरच्या जागांवर, म्हणजे नेमक्या त्या जागांवर जिथे आपल्याला महिला हव्या आहेत.

हा भार एकट्या मालकावर का असावा, हा प्रश्न आजचा नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना मांडणी केली होती की, आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्यामुळे हा बोजा मुख्यतः सरकारने उचलावा, परंतु स्त्रीच्या श्रमाचा फायदा मालकाला होत असल्याने त्यालाही त्यातून अंग काढून घेता येणार नाही. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारातही हा खर्च सामाजिक विमा किंवा सार्वजनिक निधीतून व्हावा असेच म्हटले आहे आणि कारण नोकरीच्या बाजारातील स्त्रियांचे स्थान जपण्याचे दिले आहे: एकट्या मालकावर भार टाकला तर तो स्त्रीला नोकरीच देत नाही. भारताने हा करार स्वीकारलेला नाही. २०१७ मध्ये आपण रजा १२ आठवड्यांवरून २६ वर नेली, जी जगातील बऱ्याच देशांपेक्षा अधिक आहे, पण ईएसआयबाहेरच्या महिलांचा सगळा पगार मालकाच्याच माथी ठेवला. कायद्याचा हेतू चांगला आणि हिशेब अर्धवट, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण तो सरकारच्या पातळीवर बदलू शकत नाही. कंपनीच्या चार भिंतींच्या आत मात्र भार विभागावरून उचलून सगळ्यांवर पसरवू शकतो, आणि वर सांगितलेले सामाईक शीर्ष म्हणजे लहान प्रमाणावर तेच आहे.

कायद्याचे बाकीचे भाग थोडक्यात. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, त्यांपैकी प्रसूतीआधी जास्तीत जास्त ८. दोन मुले हयात असतील तर १२ आठवडे. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे. गर्भपात झाल्यास ६ आठवडे. रजेच्या काळात कामावरून काढता येत नाही आणि सेवेच्या अटी तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येत नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्यामुळे या तरतुदी आता १९६१ च्या कायद्याऐवजी सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत, पण चौकट तीच आहे. आपल्या धोरणाच्या मसुद्यात जुन्या कायद्याचे नाव असेल तर ते बदलून घ्या.

आता कोटा. संचालकांच्या मनात ही कल्पना बहुधा मोठ्या कंपन्यांच्या बातम्यांवरून आली असावी, म्हणून तेथील स्थिती सांगते. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या, म्हणजे सूचिबद्ध, प्रत्येक कंपनीला, तसेच १०० कोटींचे भरणा झालेले भांडवल किंवा ३०० कोटींची उलाढाल असलेल्या पब्लिक कंपनीला, किमान एक महिला संचालक बंधनकारक केली. पुढे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या ५०० कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून आणि पहिल्या १००० कंपन्यांना १ एप्रिल २०२० पासून एक स्वतंत्र महिला संचालक नेमायला लावली. ‘स्वतंत्र’ ही अट उगाच आली नाही. त्याआधी अनेक प्रवर्तकांनी घरातल्याच बाईंना मंडळावर बसवून नियम पाळला होता. आपली कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असल्याने यातले काहीच आपल्याला लागू नाही.

वरच्या कोट्याने खालपर्यंत काही झिरपते का, याचे उत्तर नॉर्वेकडे आहे. तिथे २००३ मध्ये कायदा करून मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळात ४० टक्के महिलांची अट घातली आणि २००८ पासून ती सक्तीची झाली. मंडळांवर उत्तम पात्रतेच्या महिला आल्या, त्यांच्यात आणि पुरुष संचालकांत वेतनाचे अंतरही घटले. परंतु त्याच कंपन्यांत खाली काम करणाऱ्या महिलांच्या बढतीत किंवा पगारात फारसा फरक अभ्यासकांना आढळला नाही. मला यात आश्चर्य वाटले नाही. वर्षातून काही वेळा भरणारे मंडळ दुसऱ्या शिफ्टचा सुपरवायझर कोण होणार, हे ठरवत नाही.

तरीही कोटा निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, आणि त्याचा पुरावा परदेशात शोधायला नको. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून स्थानिक संस्थांत महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या, आणि आज ठाणे व नवी मुंबई या दोन्ही महापालिकांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. सुरुवातीला पतीच कारभार पाहतो, सही तेवढी बाईंची, ही टीका आपण सर्वांनी ऐकली आहे आणि ती पुष्कळ ठिकाणी खरीही होती. पण पश्चिम बंगाल आणि राजस्थानातील ग्रामपंचायतींवर एस्थर डफ्लो आणि राघवेंद्र चट्टोपाध्याय यांनी केलेल्या अभ्यासात, महिलांना राखीव असलेल्या पंचायतींत खर्चाचा कल स्त्रियांच्या तक्रारींकडे, विशेषतः पिण्याच्या पाण्याकडे, वळलेला दिसला. पश्चिम बंगालमधील पुढच्या संशोधनात असेही दिसले की, जिथे सरपंचपद दोनदा महिलांसाठी राखीव होते, तिथे नंतर खुल्या जागांवरही महिला अधिक निवडून आल्या. या जागांना सही करण्याचा, पैसा खर्च करण्याचा अधिकार होता आणि लोकांना महिला कारभारी पाहण्याची सवय व्हायला एक नव्हे, दोन कार्यकाळ लागले. नॉर्वेतल्या मंडळाच्या खुर्चीपेक्षा हा दाखला मला आपल्या कारखान्याच्या अधिक जवळचा वाटतो.

तेव्हा आपल्या ३० टक्क्यांचे काय करावे? ८५ चे ३० टक्के म्हणजे २६. आपल्याला तीन वर्षांत आणखी १२ महिला हव्या आहेत. वर्षाला चार. इतक्या लहान संख्येला टक्केवारीची भाषा शोभत नाही. दोघींनी नोकरी सोडली की टक्का घसरतो आणि संचालक अस्वस्थ होतात. म्हणून एकूण संख्येचा कोटा जाहीर करण्याऐवजी मी तीन ठिकाणी नियम ठेवीन. प्रत्येक रिक्त जागेच्या अंतिम मुलाखतीच्या यादीत किमान दोन महिला असल्याच पाहिजेत आणि नसतील तर विभागप्रमुखाने कारण लेखी द्यावे. दोन एवढ्यासाठी की एकटी असली तर ती ‘बाई उमेदवार’ म्हणूनच पाहिली जाते. आयटीआय आणि डिप्लोमा झालेल्या ट्रेनींच्या वार्षिक भरतीत निम्म्या मुली मिळवण्याचा प्रयत्न करावा, कारण तिथे अनुभवाची सबब चालत नाही आणि पाच वर्षांनंतरचे सुपरवायझर त्यांतूनच निघतात. आणि बढतीच्या प्रत्येक बैठकीत त्या श्रेणीतील पात्र महिलांची नावे, त्यांनी अर्ज केलेला असो वा नसो, टेबलावर असावीत. थेट ‘ही जागा फक्त महिलांसाठी’ अशी जाहिरात देण्यापूर्वी मात्र वकिलाचा सल्ला घ्या. वेतन संहितेत एकाच कामाच्या भरतीत लिंगाच्या आधारे भेदभाव करण्यास मनाई आहे आणि तिचा शब्दप्रयोग केवळ स्त्रियांपुरता नाही.

बढतीबाबत कारखान्यात एक अडथळा असतो, जो कार्यालयात बसणाऱ्यांना दिसत नाही. प्रॉडक्शनमध्ये सुपरवायझर व्हायला दुसऱ्या शिफ्टचा अनुभव लागतो, महिलांना दुसरी शिफ्ट दिलीच जात नाही, आणि मग ‘अनुभव नाही’ म्हणून त्यांचे नाव गळते. आता नव्या श्रम संहितांनुसार महिलांना त्यांच्या संमतीने, सुरक्षेच्या अटी पाळून, सायंकाळी ७ नंतरही काम करता येते. पण संमती कागदावर घेऊन भागत नाही. दुसरी शिफ्ट रात्री साडेअकराला सुटली, तर रबाळे स्टेशनपर्यंतचा एमआयडीसीतला रस्ता सुनसान असतो, तिथून ठाण्याला जाऊन पुढे डोंबिवली-बदलापूरची गाडी पकडायची, आणि घराजवळ रिक्षा मिळेलच याची खात्री नाही. जिथे कंपनीने घराच्या दारापर्यंत गाडी दिली आणि एका शिफ्टमध्ये कमीत कमी तीन-चार महिला एकत्र ठेवल्या, तिथे संमती मागावी लागली नाही, मुलींनी स्वतःहून नावे दिली. त्या गाडीचे भाडे हा आपल्या कोट्याचा खरा खर्च आहे आणि तो संचालकांना आजच सांगा. कपडे बदलण्याची खोली, स्वच्छतागृहे आणि लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखालील अंतर्गत समिती या गोष्टी आपल्याकडे असतीलच, असे मी गृहीत धरते.

इतके करूनही सगळे वाया जाऊ शकते ते रजेवरून परत येण्याच्या वेळी. एका कारखान्यात क्वालिटी विभागात एक अभियंता होती. मितींची अचूक तपासणी करणारे सीएमएम यंत्र ती चालवायची, ग्राहकांचे ऑडिट आले की प्रश्नांना तीच उत्तरे द्यायची. सहा महिन्यांनी परतली तेव्हा यंत्रावर तिच्या बदलीचा मुलगा बसलेला होता आणि तिला टेस्ट सर्टिफिकेटांच्या फायली लावायचे टेबल मिळाले. साहेबांचा हेतू वाईट नव्हता. ‘घरी तान्हं बाळ आहे, ऑडिटची धावपळ कशाला’, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पगार तोच, पदाचे नाव तेच, तक्रार करायला कागदावर काहीच नाही. मार्चच्या अप्रेझलमध्ये ऑडिट पार पाडल्याचे श्रेय त्या मुलाच्या नावे लागले, पुढच्या वर्षी तो सीनियर झाला आणि ती नोकरी सोडून गेली. कंपनीच्या नोंदीत कारण लिहिले गेले: ‘कौटुंबिक’. अशा ‘कौटुंबिक’ राजीनाम्यांच्या फायली उघडून पाहिल्या, तर त्यांतले बरेचसे घरात नव्हे, कार्यालयात तयार झालेले असतात.

यावर उपाय साधा आहे, फक्त तो रजेच्या आधी करावा लागतो. रजेवर जाताना तिला पत्र द्यावे, ज्यात परत आल्यावरचे काम, यंत्र, ग्राहक, बसायची जागा असे सगळे नाव घालून लिहिलेले असेल. हलके काम हवे असेल तर ते तिने मागावे, साहेबांनी परस्पर ठरवू नये, आणि त्याची मुदत तीन महिन्यांची असावी. मुदत संपली की जुने काम आपोआप परत मिळावे. अप्रेझल करताना ती जितके महिने कामावर होती तितक्याच महिन्यांचे काम मोजावे आणि वर्षभर काम केलेल्याशी त्याची बेरीज-तुलना करू नये. महिने फारच कमी असतील तर आधीच्या वर्षाची श्रेणी कायम ठेवावी. पगारी प्रसूती रजेचे दिवस बोनससाठी कामाचे दिवस म्हणून धरले जातात आणि ग्रॅच्युइटीसाठी सेवा अखंड मानली जाते, हे आपल्या लेखा विभागाला माहीत आहे की नाही, ते एकदा पाहून घ्या. बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअरच चुकीचे बसवलेले असते.

आता त्या दोन अभियंत्यांचे अर्ज. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना दोन मुलांपर्यंत १५ दिवसांची पितृत्व रजा आहे आणि ती बाळाच्या जन्मानंतर सहा महिन्यांच्या आत घेता येते. खासगी क्षेत्राला असा कायदा नाही, त्यामुळे हा सर्वस्वी आपल्या संचालकांचा निर्णय आहे. माझा सल्ला आहे की ती द्यावी, आणि त्याचे कारण त्या बापांवर मेहेरबानी करणे हे नाही. रजा केवळ आईच घेते तोवर ‘बाई म्हणजे रजा’ हे समीकरण मालकाच्या डोक्यातून जात नाही. पुरुषही घेऊ लागले की रजा हा वयाचा आणि कुटुंबाचा भाग ठरतो. नॉर्वेने १९९३ मध्ये चार आठवडे फक्त वडिलांसाठी राखून ठेवले. ते त्यांनी घेतले नाहीत तर वाया जाणार होते. त्याआधी रजा घेणारे वडील हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, नंतर काही वर्षांतच ते बहुसंख्य झाले. कॅनडातील क्यूबेकनेही २००६ पासून पाच आठवडे असेच राखले आणि तिथेही तेच घडले. पालकांपैकी कोणीही घ्या असे म्हटले की आईच घेते.

पण या धोरणांची जशीच्या तशी नक्कल करून आपल्याकडे उपयोग होत नाही, कारण आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. बाळ साताऱ्याला किंवा जळगावला जन्मते, बाप ठाण्यातच असतो. जन्माच्या वेळी दोन-चार दिवस आणि बारशाला एक फेरी, याहून अधिक काम तिथे त्याला कोणी करू देत नाही. त्याची खरी गरज पुढे लागते, बाळ सहा-सात महिन्यांचे होऊन आई ठाण्याला परत येते आणि तिची रजा संपते तेव्हा. पाळणाघराची सवय, रात्रीची जागरणे, पहिला ताप हे सगळे त्याच पंधरवड्यात येते आणि नोकरी सोडण्याचे निर्णय मी जास्त करून त्याच पंधरवड्यात होताना पाहिले आहेत. म्हणून १५ दिवसांची रजा दोन तुकड्यांत द्या: पाच दिवस जन्माच्या वेळी आणि दहा दिवस बाळाच्या पहिल्या वर्षात केव्हाही, शक्यतो बायको कामावर रुजू होईल तेव्हा. तिची नोकरी दुसऱ्या कंपनीत असली तरी हरकत नाही. तिच्या कंपनीनेही उद्या हेच केले तर आपल्या मुलींचे नवरे घरी असतील. रजा मागावी लागू नये, जन्माचा दाखला जमा झाला की ती खात्यात दिसावी आणि नको असेल तर त्याने तसे लिहून द्यावे. एखाद्या विभागप्रमुखाने स्वतः ती घेतली, तर बाकीच्यांना परिपत्रकाची गरज राहत नाही.

पाळणाघराबद्दल आपण विचारले नाही, पण ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला ती सोय करावी लागते आणि आपण ८५ आहात. आपल्या टीटीसी, म्हणजे ठाणे खाडीपलीकडच्या औद्योगिक पट्ट्यातल्या पुष्कळ कंपन्यांनी एका खोलीत दोन पाळणे आणि भिंतीवर मिकी माऊस काढून हा नियम पाळलेला दाखवला आणि त्या खोलीत पुढे जुन्या फायली गेल्या. मुले तिथे येत नाहीत याचे कारण सकाळी साडेसातच्या डोंबिवली लोकलमध्ये आहे. त्या गर्दीत वर्षाचे मूल घेऊन ठाण्याला गाडी बदलायला कोणती आई तयार होईल? आपल्या महिला कुठे राहतात ते पाहा. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे या भागातल्या जास्त असतील तर शेजारच्या तीन-चार कंपन्यांबरोबर मिळून एक सामाईक पाळणाघर चालवा. सामाजिक सुरक्षा संहितेत अशा सामाईक सोयीला जागा आहे. बहुतेक जणी कल्याणच्या पलीकडून येत असतील तर त्यांच्या घराजवळच्या पाळणाघराचा खर्च देणे अधिक उपयोगाचे ठरते, मात्र तेवढ्याने कायद्याची अट पूर्ण होते का, हे सल्लागाराकडून लेखी घ्या.

यातले किती लगेच जमेल, हे आपल्या कंपनीच्या स्थितीवर अवलंबून आहे. ग्राहकांकडून पैसे चार महिन्यांनी येत असतील, तर शिफ्टच्या गाडीपेक्षा सामाईक शीर्ष आणि परतीचे पत्र आधी घ्या. दोन्हींना जवळपास काही लागत नाही. सगळ्या १४ महिला ऑफिसातच असतील आणि शॉप फ्लोअरवर एकही नसेल, तर ट्रेनी भरतीपासून सुरुवात करा आणि पहिल्या तुकडीत एकटी-दुकटी मुलगी घेऊ नका. कुटुंबाच्या मालकीची कंपनी असेल, तर संचालकांची सून किंवा मुलगी कामात आहे का आणि तिच्या बाळंतपणात काय झाले, हे सगळ्या कामगारांना ठाऊक असते. धोरणावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ते त्यावरून ठरवतात. आणि संचालकांना आकडा हवाच असेल, तर हा द्या: प्रसूती रजेवरून परतलेल्यांपैकी किती जणी दोन वर्षांनंतरही कामावर आहेत आणि त्यांतल्या किती जणींना या काळात बढती किंवा वरची जबाबदारी मिळाली.

शेवटी ज्यांचा आपल्या प्रश्नात उल्लेख नाही, त्यांच्याविषयी. आपल्या १४ च्या मोजणीत पॅकिंगला आणि साफसफाईला येणाऱ्या ठेकेदाराच्या महिला धरलेल्या नसाव्यात. आमच्याकडे कोणीच त्या धरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात मस्टरवरच्या रोजंदारी स्त्रियांनाही प्रसूती लाभ मिळाला पाहिजे असा निकाल दिला आहे, आणि तरीही पोट दिसू लागले की ठेकेदार ‘पुढच्या महिन्यापासून येऊ नको’ असे सांगतो आणि गेटवर दुसरी बाई उभी राहते. तिच्या पगारातून ईएसआयचे पैसे कापले जातात, पण नोंदणी नीट झालेली नसते किंवा मध्येच नाव बदललेले असते, म्हणून प्रसूतीच्या वेळी तिच्या हाती काहीच येत नाही. ठेकेदाराच्या पुढच्या बिलासोबत ईएसआयचे पैसे भरल्याचे चलान आणि त्या महिन्यातील महिलांची विमा क्रमांकासह यादी मागवा, गेटच्या रजिस्टरशी ती ताडून पाहा आणि नावे जुळेपर्यंत बिल पास करू नका.